सात दिवस, दोन मुले आणि झोपेचा तक्ता

धाकट्याची झोप बिघडली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, त्याला दोन वर्षे पूर्ण झाली त्याच महिन्यात. रात्री आठला अंथरुणावर घेतलेला मुलगा दहा-साडेदहापर्यंत झोपत नसे, आणि झोपल्यावरही रात्रीतून दोन-तीनदा उठून रडत असे. त्याच्या रडण्याने शेजारच्या पलंगावरची थोरली, म्हणजे आमची पावणेपाच वर्षांची मुलगी, जागी होत असे. आधी आम्ही दाढांना दोष दिला, कारण दुसऱ्या दाढा साधारण याच वयात येतात; मग खोलीतल्या उकाड्याला, मग संध्याकाळच्या दंग्याला. चार महिने असे गेल्यावर आम्ही बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. त्या भेटीआधी आम्हाला एक संपूर्ण आठवडा कागदावर उतरवावा लागला. त्या आठवड्याविषयी सविस्तर लिहिते आहे, कारण तो कागद हातात आला तेव्हा आम्ही फार गोंधळलो होतो आणि कोणी अनुभवी माणसाने हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

मी २७ डिसेंबरला फोन केला आणि १५ जानेवारीची वेळ मिळाली, म्हणजे एकोणीस दिवसांची प्रतीक्षा. मन खट्टू झाले, पण स्वागतकक्षातील बाईंनी त्याच फोनवर सांगितले की झोपेच्या तक्रारीसाठी येताना सलग सात दिवसांची नोंद आणावी लागते, त्यात सुट्टीचे दोन्ही दिवस असायलाच हवेत, आणि नोंद नसेल तर डॉक्टर पहिल्या भेटीत तीच करायला सांगून परत पाठवतात. हे आधी कळले म्हणून आमची एक फेरी वाचली. तुम्हीही वेळ घेतानाच विचारून ठेवा की सोबत काय आणायचे आहे.

दोन दिवसांनी कागद आले: चार पानांची प्रश्नावली आणि एक तक्ता. तक्त्यात दिवसाला एक आडवी ओळ आणि ओळीत चोवीस तासांचे चोवीस चौकोन. मूल झोपलेले असेल तेवढा भाग पेन्सिलने भरायचा, अंथरुणावर नेले तिथे खाली जाणारा बाण काढायचा, उठले तिथे वर जाणारा, आणि मध्ये जाग आली तिथे फुली. दिसायला सोपे होते. नव्या वर्षाचे पहिले दिवस पाहुण्यांत गेले असते आणि आठवडा नेहमीसारखा राहिला नसता, म्हणून आम्ही ६ ते १२ जानेवारी, सोमवार ते रविवार, असा आठवडा निवडला. कार्यालयात १५ तारखेच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज मी आधीच देऊन टाकला.

सोमवारी सकाळी धाकटा ६ वाजून ४० मिनिटांनी उठला, आणि पहिला बाण काढायला पेन्सिल सापडेना. दात घासणे, थोरलीचा एक मोजा हरवणे, दूध सांडणे, पुसणे, पुन्हा दूध देणे, बूट उलटसुलट घातले म्हणून रडू, या सगळ्यांतून आम्ही साडेआठला घराबाहेर पडलो तेव्हा पहिल्या ओळीत एकही खूण नव्हती. संध्याकाळी आठवून भरायला बसलो तर माझा आणि नवऱ्याचा अंदाज अर्ध्या-अर्ध्या तासाने वेगळा. त्या रात्री आम्ही तक्ता कपाटाच्या दाराला चिकटवला आणि पेन्सिल दोऱ्याने हँडलला बांधली. रात्रीसाठी उशाजवळ एक जाड कागद ठेवला, त्यावर फक्त वेळ लिहायची आणि सकाळी ती तक्त्यात उतरवायची. रात्री मोबाइल मुळीच उघडला नाही, कारण त्याच्या प्रकाशाने धाकटा आणखी ताजातवाना होतो हे आम्ही अनेकदा पाहिले होते. नोंद त्या त्या क्षणी झाली तरच ती उपयोगाची, हे पहिल्याच दिवशी पटले.

मंगळवारी लक्षात आले की दिवसातल्या साडेआठ तासांची आम्हाला काहीच माहिती नाही, कारण ते तास धाकटा पाळणाघरात असतो. तिथून रोज एक चिठ्ठी घरी येते, पण तिच्यावर ‘झोप’ या शब्दापुढे फक्त बरोबरची खूण असते. मी सकाळी सोडायला गेले तेव्हा ताईंना विचारले की नेमक्या वेळा लिहून द्याल का. त्यांनी अडवले नाही, पण नियम सांगितला: रोजच्या चिठ्ठीत बदल हवा असेल तर लेखी अर्ज हवा आणि त्यावर संचालिकांची सही हवी. मी तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला, त्यात मुलाचे नाव, गट, कारण, ‘६ ते १२ जानेवारी’ ही मुदत आणि डॉक्टरांच्या प्रश्नावलीच्या पहिल्या पानाची प्रत जोडली. रीतसर मंजुरी गुरुवारी आली. मात्र ताईंनी मंगळवारीच चिठ्ठीच्या मागे पेन्सिलने लिहून दिले होते: २.२० ते ४.०५.

ती चिठ्ठी मी पाळणाघराच्या फाटकातच उलटून पाहिली आणि दोनदा वाचली. धाकटा दुपारी एकच्या सुमारास तासभर झोपतो, असे आम्ही धरून चाललो होतो, कारण तो लहान गटात असताना तसेच होते. सप्टेंबरमध्ये दोन वर्षांचा झाल्यावर त्याचा गट बदलला, आणि या गटाला झोपण्याची खोली दुपारी दोननंतर मिळते. हे कोणी आमच्यापासून लपवले नव्हते. आम्हीच कधी विचारले नव्हते. तरीही त्या क्षणी मी कोणताच निष्कर्ष काढला नाही. एक दिवस म्हणजे एकच दिवस, असे स्वतःला बजावून मी वेळ तक्त्यात भरली.

बुधवारी थोरली कपाटापाशी आली आणि तक्त्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “आई, यात माझी रेघ कुठे आहे?” मी सांगितले की हा तक्ता दादूच्या, म्हणजे धाकट्याच्या, झोपेचा आहे. ती काही बोलली नाही, पण खडूंच्या डब्यातून हिरवा खडू घेऊन आली आणि धाकट्याच्या ओळीखालच्या कोऱ्या पट्टीत तिने चार चौकोन रंगवले. एका चौकोनात छोटा गोल काढून म्हणाली, “इथे मी जागी होते, तुम्ही दोघे त्याला थोपटत होता तेव्हा.” मी तिला जवळ घेतले. चार महिने ती अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहत होती आणि आम्हाला हाक मारत नव्हती, हे मला त्या हिरव्या गोलाने सांगितले. त्या दिवसापासून आम्ही तिचीही ओळ ठेवली. घरात दोन मुले असतील तर तक्रार एकाची असली तरी नोंद दोघांची ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन.

गुरुवारची रात्र सर्वांत कठीण गेली. धाकटा १०.२५ ला झोपला होता आणि आम्ही दोघे भांडी आवरत होतो. १०.४० ला थोरलीच्या किंकाळीने आम्ही धावलो. ती अंथरुणात ताठ बसली होती, डोळे सताड उघडे, केस घामाने कपाळाला चिकटलेले, आणि ती मला ओळखत नव्हती. मी हात धरला तर तिने झटकला, नाव घेतले तर नजर माझ्यातून आरपार गेली. नवरा तिला उचलून उठवू पाहत होता, पण मला कुठे तरी वाचलेले आठवले की अशा वेळी हलवून जागे करू नये, फक्त मूल पडणार नाही, लागणार नाही इतके पाहावे. आम्ही पलंगाच्या दोन कडांना बसून राहिलो. अकरा मिनिटांनी ती आपोआप आडवी झाली आणि शांत झोपली. सकाळी तिला यातले काहीही आठवत नव्हते. तो कागद, ‘१०.४० ते १०.५१, ओळखत नव्हती’, मी थरथरत्या हाताने लिहिला होता आणि तो तसाच तक्त्याला टाचला.

त्याच रात्री २.५० ला धाकटा उठला. मी त्याला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारत होते. पाय दुखत होते आणि मनात नवऱ्याविषयी राग साचला होता की हा झोपला कसा. सकाळी मी ते बोलून दाखवले, तेव्हा तो दुखावून म्हणाला की मंगळवारी आणि बुधवारी पहाटे साडेचारला तोच उठला होता. तक्त्यात पाहिले तर ते खरे होते. त्याच्या अक्षरात ‘थोपटले, ३५ मिनिटे’ असे लिहिलेले होते आणि मी झोपेत असल्याने मला ते ठाऊकच नव्हते. फुलीशेजारी कोण उठले त्याचे आद्याक्षर लिहायचे, असे आम्ही तेव्हापासून ठरवले. रात्रीच्या पाळ्याही ठरवल्या: एकपर्यंतची हाक त्याची, त्यानंतरची माझी. ज्याची पाळी नाही त्याने शक्य तर दुसऱ्या खोलीत झोपायचे. हे आम्ही चार महिन्यांपूर्वीच करायला हवे होते.

शुक्रवार नेहमीसारखा गेला: पाळणाघरात झोप २.१५ ते ४.००, रात्री झोप १०.१५ ला.

शनिवारी मात्र नोंद सोडून द्यावी असे वाटत होते. घड्याळाचा कंटाळा आला होता, आणि सुट्टीच्या दिवशी तरी मुलांकडे मोजमापाच्या नजरेने पाहू नये अशी भावना होती. सुट्टीचे दिवस हवेतच, ही अट आठवली म्हणून आम्ही चालू ठेवले. धाकटा बागेतून आला, जेवता जेवता पेंगला, आणि १२.३५ ला झोपून १.५५ ला आपण होऊन उठला. रात्री आठला दिवे मंद केले, तेच गोष्टीचे पुस्तक, तेच पाणी, आणि ८.४० ला तो झोपलेला होता. आम्ही दोघे दाराशी उभे राहून त्याच्या श्वासाकडे लक्ष देत राहिलो, कारण विश्वास बसत नव्हता. रविवारीही जवळपास तसेच घडले. रात्री तो दोन्ही दिवशी एक-एकदाच उठला.

रविवारी रात्री मुले झोपल्यावर आम्ही बेरजा केल्या. सोमवार ते शुक्रवार धाकट्याची चोवीस तासांतली झोप सरासरी ९ तास १० मिनिटे भरली आणि शनिवार-रविवारी साडेदहा तास. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार एक ते दोन वर्षे वयोगटात दुपारची झोप धरून ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांत १० ते १३ तास झोप हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही या वयांसाठी जवळपास हेच आकडे आहेत. थोरली सव्वानऊ तासच झोपत होती. धाकट्याच्या आकड्याची आम्ही भीती बाळगली होती. थोरलीचा आकडा अनपेक्षित होता आणि तो मनाला अधिक लागला.

१५ जानेवारीला वेळ सव्वादहाची होती, आत जायला सव्वाअकरा झाले. मुलांसाठी पाणी, खाऊ आणि एखादे शांत खेळणे बरोबर असू द्या. प्रश्नावली चारही पाने घरी भरून नेली होती, तरी तीत दोन सह्या राहिल्या होत्या, त्या तिथे केल्या. डॉक्टरांनी तक्ता टेबलावर पसरला आणि दुपारच्या भरलेल्या चौकोनांवरून आधी पट्टी फिरवली. मग एकेक प्रश्न विचारला: मुलगा घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, झोपेत श्वास अडखळतो का, पाय सतत हलवतो का, दिवसा पेंगतो का. घोरणे असते तर टॉन्सिल आणि नाकामागच्या ग्रंथी तपासाव्या लागल्या असत्या. पाय हलत असते तर रक्तातील लोहाची तपासणी सांगितली असती. यातले काही नव्हते, म्हणून एकही तपासणी करावी लागली नाही आणि औषधही दिले नाही. खर्च झाला तो भेटीच्या शुल्काचा आणि माझ्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा.

नंतर त्यांनी जे समजावले ते मी शक्य तितके त्यांच्याच क्रमाने लिहिते. माणूस जागा असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ वाढते. झोपेत ती ओढ उतरते. लहान मूल दुपारी चारपर्यंत पावणेदोन तास झोपले तर आठ वाजता त्याच्यात ती ओढ पुरेशी नसते, मग अंथरुणावर नेऊन उपयोग होत नाही. रात्री जाग येण्याचे कारण वेगळे. झोपेचे टप्पे संपताना सगळेच क्षणभर जागे होतात, मोठी माणसेसुद्धा, आणि बहुतेकदा ते आठवतही नाही. पण मूल रोज खांद्यावर झोपत असेल तर त्या क्षणी ते खांदा शोधते. तो सापडत नाही म्हणून रडते. मी विचारले, “डॉक्टर, म्हणजे आम्ही त्याला खांद्यावर घेतले तेच चुकले का?” त्या म्हणाल्या, “चूक म्हणू नका. तो दमलेला होता आणि तुम्ही त्याला झोपवलेत. आता फक्त झोप लागण्याची जागा बदलायची.” माझे डोळे भरून आले. चार महिन्यांत हे वाक्य कोणी माझ्याशी बोलले नव्हते.

थोरलीच्या त्या अकरा मिनिटांविषयी त्यांनी टाचलेला कागद काळजीपूर्वक वाचला. गाढ झोपेतून मूल अर्धवट जागे होते तेव्हा असा प्रकार घडतो, तो बहुधा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात घडतो, सकाळी आठवत नाही, आणि अपुरी झोप हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. भयस्वप्ने याहून वेगळी. ती बहुधा उत्तररात्री पडतात आणि मुलांना आठवतात. पुन्हा पुन्हा होऊ लागले, किंवा अंगाला झटके आल्यासारखे दिसले, तर चित्रफीत काढून दाखवा, असे त्या म्हणाल्या. तो प्रकार झोपल्यानंतर किती वेळाने घडला हे कागदावर होते, त्यामुळे त्यांना अंदाज करावा लागला नाही.

उपाय दोन ठरले. दुपारची झोप पावणेएकला सुरू होऊन सव्वादोनच्या आत संपावी. आणि रात्री धाकट्याला पेंगलेला पण जागा असताना गादीवर ठेवायचे, शेजारी खुर्ची टाकून बसायचे, बोलायचे नाही, हात पाठीवर ठेवला तर चालेल. दर तीन रात्रींनी खुर्ची हातभर दाराकडे सरकवायची. सकाळी उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच.

पहिला उपाय आमच्या हाती नव्हता. डॉक्टरांनी पाळणाघरासाठी पत्र दिले, त्यावर नोंदणी क्रमांक, शिक्का आणि मुलाची जन्मतारीख होती. ही तिन्ही पत्रावर आहेत ना हे दवाखान्यातून निघण्याआधी पाहून घ्या, कारण पाळणाघराने नेमके तेच तपासले. १६ जानेवारीला पत्र आणि अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर यायला सहा दिवस लागले आणि ते सहा दिवस मला फार जड गेले, कारण करायचे काय ते कळले होते आणि करता येत नव्हते. खोली एकच, माणसे मोजकी, ही त्यांची अडचण खरी होती. अखेर २२ तारखेला ठरले की धाकटा दुपारी झोपण्यापुरता लहान गटाच्या खोलीत जाईल. धाकट्याच्या गटातली इतर काही मुलेही उशिरा झोपत होती असे ताईंनी मला नंतर सांगितले. त्यांच्या पालकांनी कधी विचारले नव्हते, आमच्यासारखेच.

खुर्चीच्या पहिल्या तीन रात्री धाकटा अनुक्रमे ५५, ७० आणि ४० मिनिटे जागा राहिला. दुसऱ्या रात्री तो उभा राहून उशीचे टोक धरून माझ्याकडे हात पुढे करत होता. मी त्याला उचलले नाही. जवळ जाऊन पुन्हा आडवे केले, पाठीवर हात ठेवला आणि परत खुर्चीत बसले. असे सोळा वेळा केले. त्या वेळी मला वाटत होते की आपण मुलावर अन्याय करतो आहोत, आणि हे वाटणे मी इथे लपवू इच्छित नाही. सोळाव्या वेळी त्याने माझे बोट मुठीत धरले आणि तसाच झोपला. बोट सोडवायला मी पंधरा मिनिटे थांबले. थोरलीला आम्ही त्या आठवड्यापुरते आमच्या खोलीत झोपवले, आणि तिला ते बक्षिसासारखे वाटले.

आज १६ फेब्रुवारी आहे. धाकटा साडेआठच्या आसपास झोपतो, खुर्ची उंबऱ्यापाशी पोहोचली आहे, आणि आठवड्यातल्या चार रात्री तो एकदाही उठत नाही. उरलेल्या रात्री पहाटे चारला उठतो, तेव्हा झोप लागायला अजून वीसेक मिनिटे जातात. त्यावर काय करायचे ते आम्हाला अजून साधलेले नाही. थोरलीची झोप साडेदहा तासांवर आली आहे आणि तसा प्रकार पुन्हा घडलेला नाही. पुढची भेट ५ मार्चला आहे. त्याआधी २४ फेब्रुवारी ते २ मार्च असा आठवडा पुन्हा भरायचा आहे. कोरे तक्ते दोन काढून ठेवले आहेत, आणि या वेळी हिरव्या खडूच्या ओळीसाठी वेगळा कागद आहे.